दहा वर्षांची मुदत नेमकी कशाला?

संपादक महोदय,

नाशिकमध्ये नुकत्याच झालेल्या एका राजकीय व्याख्यानाची ध्वनिफीत शहरातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरते आहे. वक्ते परंपरावादी विचारांचे, वक्तृत्व फर्डे, विषय आरक्षण. आरक्षणाला विरोध करण्याचा त्यांना पुरेपूर हक्क आहे. पण ‘घटनेत आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होते, काँग्रेसने मतांसाठी ते वाढवत नेले’ हे त्यांचे टाळ्या घेणारे विधान संविधानाची प्रत उघडून तपासता येते, आणि तपासले की टिकत नाही.

दहा वर्षांची मुदत आहे ती अनुच्छेद ३३४ मध्ये, म्हणजे भाग सोळामध्ये. हा अनुच्छेद ३३० आणि ३३२ यांना जोडलेला आहे. लोकसभेत आणि विधानसभांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखून ठेवलेल्या जागा, एवढाच त्यांचा विषय. सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण अनुच्छेद १६(४) मधून येते आणि शिक्षणातील १५(४) मधून. हे दोन्ही भाग तीनमध्ये, मूलभूत हक्कांत आहेत आणि तिथे मुदतीचा एक शब्दही नाही. १५(४) तर १९५० च्या मूळ संविधानात नव्हताच. मद्रासच्या महाविद्यालयांतील जातनिहाय जागा रद्द करणाऱ्या चंपकम दोराईराजन खटल्याच्या निकालानंतर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तो आला. तेव्हा जे कलम अस्तित्वातच नव्हते, त्याची दहा वर्षे कधीपासून मोजायची?

घटनाकार नोकऱ्यांची मुदत लिहायला विसरले असतील, असा युक्तिवाद कोणी करील. त्याने दोनच अनुच्छेद पुढे जाऊन ३३६ वाचावा. रेल्वे, सीमाशुल्क, टपाल आणि तार खात्यांतील आंग्लभारतीयांच्या (अँग्लो-इंडियन समाजाच्या) राखीव नोकऱ्यांबद्दल तिथे बारीक हिशेब मांडला आहे. पहिली दोन वर्षे १५ ऑगस्ट १९४७ पूर्वीच्याच पद्धतीने नेमणुका, नंतर दर दोन वर्षांनी राखीव पदांत दहा टक्के घट आणि दहा वर्षांनी सगळे बंद. इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीचा जुना इतिहास माहीत असलेल्यांना हे लोक कोण ते सांगायला नको. नोकऱ्यांना मुदत घालायची तेव्हा घटनाकारांनी ती अशी टप्प्याटप्प्याने, आकड्यांनिशी घातली. १६(४) मध्ये घातली नाही, ती विचारपूर्वकच.

आपल्या जिल्ह्यापुरते पाहू. विधानसभेच्या पंधरा मतदारसंघांपैकी देवळाली अनुसूचित जातींसाठी, तर बागलाण, कळवण, दिंडोरी आणि इगतपुरी अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. दिंडोरी लोकसभा मतदारसंघही जमातींसाठी राखीव. ३३४ ची सध्याची मुदत २५ जानेवारी २०३० पर्यंत आहे. ती वाढली नाही तर हे मतदारसंघ खुले होतील, तेही त्या वेळचे सभागृह विसर्जित झाल्यानंतर. व्याख्यानांत कधी न येणारी आणखी एक गोष्ट आहे. अनुच्छेद २४३घ आणि २४३न यांमुळे ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागाही याच मुदतीला बांधलेल्या आहेत. तलाठी भरती किंवा अभियांत्रिकी प्रवेशाच्या यादीत मात्र त्या दिवशी काहीही बदलणार नाही.

आता ‘काँग्रेसने वाढवले’ हा भाग. मुदतवाढ सात वेळा झाली: १९५९, १९६९, १९८०, १९८९, १९९९, २००९ आणि २०१९. पहिल्या तीन आणि २००९ ची काँग्रेसच्या पंतप्रधानांच्या काळातली. १९८९ ची विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने केली, ज्याला भाजपचा बाहेरून पाठिंबा होता. १९९९ ला वाजपेयी पंतप्रधान होते, २०१९ ला मोदी. वक्त्यांनी हे निम्मे सांगितले. निम्मे सांगितले की टाळ्या पुऱ्या मिळतात.

बाबासाहेबांनाच दहा वर्षांहून अधिक आरक्षण नको होते, असेही ते म्हणाले. संविधान सभेतील २५ ऑगस्ट १९४९ चे कामकाज छापलेले उपलब्ध आहे. अनुसूचित जातींना अधिक मुदत देणे सभागृहाला शोभून दिसले असते, आपण स्वतः त्यासाठी आग्रह धरायला तयार होतो, असे आंबेडकरांनी त्या दिवशी सांगितले. एक गोष्ट वक्त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी. १९५५ मध्ये आंबेडकरांच्याच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने राखीव जागा रद्द कराव्यात अशी मागणी केली होती. पण ती कायदेमंडळातील जागांबद्दल होती. संयुक्त मतदारसंघात राखीव जागेवरून निवडून येणारा उमेदवार बहुसंख्याकांच्या मतांवर अवलंबून राहतो, ही त्यामागची जुनी तक्रार. नोकऱ्या आणि शिक्षणाचा तिथे संबंध नव्हता. हीच सरमिसळ पुणे कराराबाबतही होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या त्या करारात दहा वर्षांची मुदत उमेदवारांच्या प्राथमिक निवडणुकीला होती. राखीव जागा परस्परसंमतीने निर्णय होईपर्यंत चालू राहायच्या होत्या.

आरक्षण १९५० मध्ये जन्मले, हेही खरे नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या होत्या.

पन्नास टक्क्यांची मर्यादा घटनेत लिहिलेली आहे, हा दावाही चुकीचा. ती न्यायालयाने घातली: १९६२ चा बालाजी खटला आणि १९९२ चा इंद्रा साहनी खटला. संविधानात ‘पन्नास टक्के’ हे शब्द आढळतात ते १६(४ख) मध्ये, जे २००० साली आले, आणि तेही अनुशेषाच्या (आधीच्या वर्षांत न भरलेल्या राखीव) जागा या मर्यादेत मोजू नयेत हे सांगण्यासाठी.

काळाराम मंदिराबद्दल बोलताना तरी नाशिकमध्ये काळजी घ्यायला हवी होती. तिथला अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह काही आठवड्यांत सामंजस्याने मिटला, असे वक्ते म्हणाले. तो २ मार्च १९३० ला सुरू झाला. ९ एप्रिलला रामाच्या रथाच्या मिरवणुकीत दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली लढा १९३४ पर्यंत अधूनमधून चालूच राहिला आणि तरीही दार उघडले नाही. ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही आंबेडकरांची १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा त्यानंतरची. मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ चा. सावरकरांच्या रत्नागिरीतील पतितपावन मंदिराचा (१९३१) त्यांनी केलेला उल्लेख मात्र बरोबर आहे.

ज्यांना स्वतः पडताळायचे आहे त्यांनी संविधानाची अलीकडची मराठी आवृत्ती घ्यावी; केंद्र सरकारच्या विधी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही संविधानाची प्रत आहे. ३३४ मध्ये आज ‘ऐंशी वर्षे’ असे दिसेल आणि तळटीपेत घटनादुरुस्त्यांची नोंद मिळेल. फिरणाऱ्या छायाचित्रांत ‘दहा वर्षे’ दिसते, कारण ती जुन्या आवृत्तीची असतात, आणि अनुच्छेदाचा बाकीचा मजकूर कापलेला असतो. त्या मजकुरातच हे आरक्षण लोकसभा व विधानसभांच्या जागांचे आहे, हे लिहिलेले असते. आपल्या वृत्तपत्रानेही अशा भाषणांची बातमी देताना वक्त्याच्या विधानाशेजारी संबंधित अनुच्छेदाचा क्रमांक छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिकरोड