प्रवाळाला धक्का न लावता छायाचित्रे काढा

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करणाऱ्या पर्यटकांची पाण्याखालील छायाचित्रे काढून देणे हा आता तेथील व्यवसायाचा अविभाज्य भाग झाला असून, त्यातून अनेक स्थानिक कुटुंबांना रोजगार मिळतो, याचा मला आनंदच आहे. मात्र छायाचित्र चांगले यावे म्हणून पर्यटकाला प्रवाळावर हात टेकवायला लावणे आणि मासे कॅमेऱ्याजवळ यावेत म्हणून पाण्यात पावाचे तुकडे सोडणे, हे प्रकार मी स्वतः पाहिले आहेत आणि ते तातडीने थांबायला हवेत. प्रवाळ म्हणजे निर्जीव खडक नव्हे. चुनखडीच्या सांगाड्यावर इवल्या जीवांचा पातळ थर असतो आणि पायातल्या फिनचा एक फटकासुद्धा तो सोलवटून काढू शकतो. ढवळलेली वाळू त्यावर बसली, की त्या जीवांच्या आत राहून त्यांना अन्न पुरवणाऱ्या शैवालाचा सूर्यप्रकाश अडतो. हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. तेव्हा पाण्यात तोल सांभाळता न येणाऱ्या नवख्या पर्यटकांची छायाचित्रे प्रवाळापासून दूर, वाळूच्या तळावरच काढावीत आणि कॅमेरा हाताळणाऱ्या मार्गदर्शकांना याचे प्रशिक्षण सक्तीचे करावे, ही संबंधित यंत्रणेला कळकळीची विनंती.

– एक वाचक, कुडाळ