ओझरच्या इंजिनाचे काय?

संपादक महोदय,

परराष्ट्र धोरणावरच्या भाषणाचा वृत्तांत आपल्या अंकात वाचला. कोणाच्या गोटात जायचे नाही, सगळ्यांशी मैत्री ठेवायची, ही नेत्यांची भूमिका मान्यच आहे. पण त्यात देशांचीच नावे होती, यंत्रांबद्दल अवाक्षर नव्हते. लढाऊ विमाने बनवणारे ओझर उशाशी असताना नाशिककरांनी ते विचारायलाच हवे.

ओझरचा मिगचा कारखाना १९६४ सालचा. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची विमाने इथे रशियन परवान्यावर बनली. परवाना म्हणजे आधी आलेल्या भागांची जोडणी, मग टप्प्याटप्प्याने भाग इथे घडवणे. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा मैत्री मॉस्कोशी आणि कारखाना भलत्याच देशात, अशी गत झाली. नौदलाच्या 'तुशील' युद्धनौकेचेच बघा. बांधणी रशियात, तिला चालवणारी गॅस टर्बाइन इंजिने युक्रेनची. २०१४ नंतर युक्रेन रशियाला ती देईना, तेव्हा आपण स्वतः विकत घेऊन रशियाच्या गोदीत पोचवली. दोन्ही देश आपले मित्रच! नौका दाखल झाली डिसेंबर २०२४ मध्ये.

आता आपले स्वदेशी लढाऊ विमान तेजस. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बनलेले तेजस मार्क-१ए पहिल्यांदा उडाले. इथली क्षमता वर्षाला आठ विमानांची. विमानाला इंजिन एकच, अमेरिकेतल्या जीई कंपनीचे एफ-४०४. ९९ इंजिनांची ऑर्डर ऑगस्ट २०२१ मध्ये दिली, पहिले इंजिन मिळाले मार्च २०२५ मध्ये. मागची ऑर्डर संपल्यावर तिथले उत्पादनच थांबले होते, पुरवठादारांची साखळी नव्याने जुळवावी लागली. तुटक ऑर्डरी देण्याची आपली सवय इथे नडली, आणि हे आपण कबूल केले पाहिजे. १९९८ ची गोष्ट वेगळी. पोखरणनंतर निर्बंध आले आणि तेजसच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीचे अमेरिकेत चाललेले काम बंद पडले. आपल्या शास्त्रज्ञांनी ते इथे तडीस नेले, ४ जानेवारी २००१ ला विमान उडवून दाखवले. इंजिन मात्र तेव्हाही जीईचेच होते.

सगळे अडते ते इंजिनातल्या टर्बाइनच्या बोटभर पात्यावर. धातू वितळेल इतक्या तापलेल्या वायूत ते फिरते, म्हणून एकाच स्फटिकाचे ओतावे लागते आणि आत हवा खेळवायला बारीक मार्ग ठेवावे लागतात. ही विद्या मित्रही सहजी देत नाही. त्यामुळे नवा करार झाला की पाते ओतायची पद्धत मिळणार की नुसती जोडणी, ओव्हरहॉल म्हणजे इंजिन खोलून पूर्ण दुरुस्ती इथे होणार का, सुटे भाग किती वर्षांचे साठवणार, हे जाहीर सांगावे. आपल्या 'कावेरी' इंजिनाचे काम १९८९ मध्ये सुरू झाले, तेजसला ते अजून बसलेले नाही. उंचावरच्या चाचण्यांसाठी ते रशियात न्यावे लागले. ती चाचणी-सुविधा देशात कधी उभी राहणार, हे भाषणात यायला हवे होते.

– एक वाचक, नाशिक