‘सिद्ध’ हे विशेषण नव्हे, वैद्यकाचे नाव आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मूळव्याधीवरील सिद्ध उपचारांविषयी आलेला मजकूर वाचला. ज्या दुखण्याबद्दल माणूस घरच्यांशीही मोकळेपणाने बोलत नाही, तो विषय आपण घेतलात याचा आनंद वाटला; मात्र त्यातून होऊ शकणारा एक गैरसमज दूर करणे मला गरजेचे वाटते. मराठीत ‘सिद्ध औषध’ म्हटले की हमखास गुण देणारे, किंवा एखाद्या सिद्धपुरुषाने दिलेले औषध, असा अर्थ सहज लागतो. प्रत्यक्षात सिद्ध हे तमिळ प्रदेशातील एका स्वतंत्र वैद्यकपद्धतीचे नाव आहे. ती परंपरा स्वतःला अगस्त्य आणि अठरा सिद्धांशी जोडते, आज तिचा बी.एस.एम.एस. (बॅचलर ऑफ सिद्ध मेडिसिन अँड सर्जरी) हा पदवी अभ्यासक्रम आहे आणि चेन्नईच्या तांबरम भागात तिची राष्ट्रीय संस्था व रुग्णालय आहे. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी आपल्या धन्वंतरी महाल या औषधशाळेत देशी औषधे पारखून घेतली आणि ते उपाय तमिळ पद्यात नोंदवले गेले, त्यामुळे मराठी माणसाला ही पद्धत अगदीच परकी नाही.

नोकरीनिमित्त मी आठ वर्षे तांबरमला राहत होतो आणि त्या काळात मला स्वतःला हा त्रास झाला. तमिळमध्ये मूळव्याधीला ‘मूलम’ म्हणतात आणि सिद्ध परंपरेतील युगीमुनींच्या ग्रंथात तिचे २१ प्रकार सांगितले आहेत. मी ज्या सिद्ध डॉक्टरांकडे गेलो त्यांनी पहिल्या दिवशी औषधच दिले नाही. नाडी, स्पर्श, जीभ, वर्ण, आवाज, डोळे, मल आणि मूत्र अशी त्यांची अष्टविध परीक्षा असते. ती झाल्यावर त्यांनी गुदमार्गाची तपासणी केली, रक्तातील हिमोग्लोबिन पाहिले आणि मगच उपचार ठरवले. त्या उपचारांत औषधापेक्षा ‘पत्तियम’, म्हणजे पथ्यच, अधिक होते : तिखट, तळलेले आणि कोंबडी बंद, ताक, पालेभाज्या आणि भरपूर पाणी सुरू. तुत्तीची पाने, जिला आपण पेटारी किंवा मुद्रा म्हणतो आणि जी आपल्या बांधावरही उगवते, लहान कांद्यासोबत शिजवून खायची आणि एरंडेलात परतून कोंबाला बांधायची. पिडिकरुणै या कंदाचा लेह, म्हणजे चाटणही होते. हा कंद म्हणजे आपल्या सुरणाचा धाकटा भाऊबंद, आणि सुरणाला संस्कृतात ‘अर्शोघ्न’ म्हणतात हे आपले वैद्य जाणतातच. माझी मूळव्याध पहिल्याच पायरीची होती आणि बद्धकोष्ठ गेल्यावर ती शमली. त्यात पथ्याचा वाटा किती आणि पानांचा किती, हे मी ठामपणे सांगणार नाही.

याउलट अनुभव माझ्या थोरल्या भावाचा. आठवडी बाजारात तंबू ठोकून बसलेल्या एका विक्रेत्याने ‘दक्षिणेतील सिद्ध औषध’ म्हणून दिलेल्या पुड्या त्यांनी सात महिने खाल्ल्या. पुडीवर ना घटकांची यादी होती, ना परवान्याचा क्रमांक. रक्त पडणे थांबले नाही, तेव्हा आम्ही त्यांना बळेच तपासणीला नेले आणि मोठ्या आतड्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, दादा आज आमच्यात आहेत, पण ते सात महिने माझ्या मनातून जात नाहीत. शौचातून रक्त पडले की ती मूळव्याधच, हे आपण फार लवकर गृहीत धरतो, विशेषतः चाळिशीनंतर. शिवाय काही सिद्ध औषधांत पारा, गंधक आणि धातूंची भस्मे असतात. ती जाणत्या हाताने शुद्ध करून, मात्रा ठरवून द्यायची असतात. अशी भस्मे निनावी पुडीतून पोटात गेली तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

म्हणून आपणास विनंती आहे की पुरवणीत अशी कृती देताना ती सांगणाऱ्या वैद्यांची पदवी आणि नोंदणी छापावी, वनस्पतीचे मराठी नाव द्यावे, आणि रक्तस्राव होत असेल तर आधी तपासणी करून घ्यावी ही ओळ मजकुराच्या तळाशी नव्हे, सुरुवातीलाच ठळक अक्षरांत घ्यावी.

आपला,
एक वाचक, सांगली