कार-टी उपचाराची पहिली पायरी सोलापुरात हवी

महोदय,

रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून त्यांना कर्करोगाशी लढवणाऱ्या देशी कार-टी उपचाराबद्दल आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल सेंटर यांच्या संशोधनातून साकारलेल्या ‘नेक्सकार १९’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकांची मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले, ही अभिमानाचीच बाब आहे. मात्र लेखाचा मथळा वाचून कर्करोगावर रामबाण औषध सापडले, असा समज होतो आणि तो आपल्या जिल्ह्यात पसरू देणे बरे नव्हे.

हा उपचार बी पेशींच्या (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) रक्ताच्या कर्करोगांपुरता आहे, आणि तोही नेहमीच्या उपचारांनंतर रोग उलटला किंवा दबलाच नाही तर. या पेशींवर सीडी १९ नावाचे प्रथिन असते. ते ओळखून हल्ला करण्याची क्षमता देणारे जनुक रुग्णाच्याच टी पेशींमध्ये (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये), निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत घातले जाते. त्यात निरोगी बी पेशीही मरतात, पण त्यांच्यावाचून रुग्णाला सांभाळता येते. तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या गाठीत असे सोयीचे लक्ष्य सहसा सापडत नाही, शिवाय टी पेशी गाठीत शिरल्या तरी तेथे निष्प्रभ होतात. मिश्री-तंबाखूची सवय घरोघरी असलेल्या भागात हे स्पष्ट सांगायलाच हवे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापुरते बोलायचे तर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक महिलांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एचपीव्ही या त्या कर्करोगास कारणीभूत विषाणूच्या एकदाच केलेल्या चाचणीने त्या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचा त्या कामात वाटा होता, याचा आपल्याकडे फारसा उल्लेख होत नाही.

तरीही ज्यांना कार-टी लागू पडतो, त्यांच्यासाठी सोलापुरातच काही करण्याजोगे आहे. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आहे. डेंगीच्या साथीत ‘सिंगल डोनर प्लेटलेट’साठी, म्हणजे एकाच दात्याकडून प्लेटलेट घेण्यासाठी, जे अफेरेसिस यंत्र वापरतात, त्यात रक्त गरगर फिरवले की खाली लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मधोमध पांढुरक्या पेशींचा पातळ थर असे विलगीकरण होते. टी पेशी या पांढऱ्या थरातच असल्याने कार-टीसाठी हाच थर हवा असतो. यंत्र त्याच जातीचे, फक्त संच आणि प्रोग्राम वेगळा. काही तासांच्या या प्रक्रियेत बाकीचे रक्त रुग्णाला परत मिळते. पुढचे जनुकीय काम आणि पेशींची वाढ कडक निर्जंतुक प्रयोगशाळेतच व्हायला हवी, ते येथे करण्याचा आग्रह कोणी धरणार नाही. परंतु केमोथेरपीने थकलेल्या माणसाला केवळ पेशी काढण्यासाठी साडेचारशे किलोमीटर मुंबईला नेण्याऐवजी त्या येथे काढून, ठरलेल्या तापमानात वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवता येतील. पेशी परत चढवताना मात्र मोठेच रुग्णालय हवे, कारण त्यानंतर तीव्र ताप, रक्तदाब कोसळणे, मेंदूवर परिणाम असे धोके संभवतात आणि रुग्णाला काही आठवडे रुग्णालयाजवळच राहावे लागते.

खर्चाचा प्रश्न उरतोच. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार येथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आला, हे संशोधकांचे मोठेच यश आहे; पण विडी वळून किंवा यंत्रमागावर राबून घर चालवणाऱ्या कुटुंबाला दोन्ही आकडे सारखेच अशक्य आहेत, आणि महात्मा फुले योजनेचे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण तेथे पुरत नाही.

म्हणून आरोग्य विभागाला विनंती आहे की, जिल्ह्यातील किमान एका रक्तपेढीच्या कर्मचाऱ्यांना पेशीसंकलनाचे प्रशिक्षण देऊन त्या केंद्राला उत्पादकाची आणि नियामकांची मान्यता मिळवून द्यावी, तसेच निवडक रुग्णांसाठी स्वतंत्र निधीची तरतूद करावी. १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालवणारी बार्शी याच जिल्ह्यात आहे. कोणत्या तालुक्यातून असे किती रुग्ण येऊ शकतील, याचा अंदाज त्या नोंदींवरून बांधता येईल.

आपला,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, जुळे सोलापूर