चिठ्ठीच्या मागचं पत्र

ती. मावशी,
सप्रेम सलाम.

हे पत्र पोस्टाने पाठवलं असतं तर तुम्ही वाचून, घडी घालून बायबलात ठेवलं असतं आणि विषय संपला असता. म्हणून उघड लिहितोय. तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेलच. रागवायचं असेल तर रविवारी रागवा.

मागच्या मेच्या शेवटी यावलकडे वादळ झालं, तेव्हा आमच्या बटाईच्या दोन एकर केळीचे घड कापणीला पंधरा दिवस होते. वीस मिनिटांत बाग आडवी. केळ मोडते तेव्हा लाकडासारखा कडकड आवाज येत नाही, ओलं पोतं पडावं तसा येतो. मी आणि बायको शेडात बसून ते आवाज मोजत होतो, मग मोजणं सोडून दिलं. विम्याचं काय झालं ते इथे नको, त्याला वेगळं पत्र लागेल.

पण बागेपेक्षा मला जास्त लागली ती चिठ्ठी. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासना संपताना स्टीलच्या ताटातून आपण वर्षाचं वचन उचलतो ना, त्यात मला बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ आलं होतं. देवाचे संकल्प हिताचे आहेत, पुढे आशा आहे, असं ते वचन. मी ते मोबाईलच्या कव्हरात ठेवलं आणि, आता कबूल करतो, त्याच्या भरवशावर खताची उधारीही वाढवली. वादळानंतर एक भाऊ घरी येऊन प्रार्थना करून गेले. उंबऱ्यात चपला घालता घालता म्हणाले, "विश्वास कुठेतरी कमी पडला असेल." त्या दिवसापासून मी बायबल फडताळात टाकलं ते टाकलंच.

तुम्ही अमळनेरहून बस बदलत आलात. डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा. जेवण होईपर्यंत देवाचं नाव काढलं नाहीत, त्याचे आभार आधी मानतो. मग चिठ्ठी मागितलीत, चष्मा वर करून पाहिलीत, उलटी करून पाहिलीत आणि म्हणालात, "हाई ते एकच ओळ शे, भो. आख्खं पत्र वाच ना."

पत्र? इतकी वर्षं मंडळीत जातोय, पण तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे हे मला माहीत नव्हतं. यरुशलेमेहून बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं. तुम्ही बोट ठेवून वाचायला लावलंत. अकराव्या ओवीच्या बरोबर आधी, दहाव्या ओवीत, सत्तर वर्षं लिहिली आहेत. त्याच्या मागच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं ठीक होईल म्हणून सांगतो, यिर्मयाच्या मानेवरचं जू मोडतो, आणि तो खोटा ठरतो. मी मनात हिशेब केला. पहिली मोठी टोळी इ.स.पू. ५९७ मध्ये नेली, बाबेल पडलं ५३९ मध्ये. ज्यांच्या हातात ते पत्र पडलं त्यांतल्या जाणत्या माणसांनी परत जाणं पाहिलंच नसणार. त्यांनाच देव हिताचे संकल्प म्हणतोय. आणि त्यांना करायला काय सांगतो? घरं बांधा, बागा लावा आणि त्यांचं फळ खा. पाचवी ओवी.

बागा लावा! मला तिथे हसू आलं की रडू, ते बायको सांगेल.

मी हनन्याची दोन वर्षंसुद्धा थांबायला तयार नव्हतो, मावशी. मला चिठ्ठी उचलल्यापासून पाच महिन्यांत माल हवा होता.

दुसरी गोष्ट मननाची. मला वाटायचं मनन म्हणजे डोळे मिटून शांत बसणं, आणि ते माझ्याच्याने होत नाही, पाच मिनिटांत ठिबकच्या नळ्या दिसायला लागतात. तुम्ही म्हणालात, पहिल्या स्तोत्रात मननासाठी जो हिब्रू शब्द आहे त्याचा अर्थ पुटपुटणं. (तो शब्द इथे लिहीत नाही, मराठी कानाला भलताच ऐकू येतो. बायबल शाळेत शिकवताना अख्खा वर्ग हसला होता म्हणालात.) यशयाच्या पुस्तकात तोच शब्द शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला आहे आणि आजारी हिज्कीया राजाच्या कण्हण्यालाही. म्हणजे तोंड चालू हवं. तुमची आई पंडिता रमाबाईंचं भाषांतर जात्यावर पुटपुटायची, हे तेव्हाच सांगितलंत. बाईंच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनी छपाईचे खिळे जुळवून छापलेलं ते बायबल. बाईंनी हिब्रू, ग्रीक शिकून ते साध्या बायकांच्या मराठीत आणलं, ते जात्यावर जाणारच.

आमच्याकडे जातं नाही, मोटार आहे. एका आठवड्याआड शेतीला रात्रीची लाईट असते. जुलैत पुन्हा रोपं लावली तेव्हापासून रात्री दोनला वॉल्व्ह फिरवताना माझं पुटपुटणं चालतं. आधी ती पाचवी ओवी महिनाभर. शेजारचा गडी बायकोला विचारून गेला, याला काही झालंय का? डिसेंबरपासून तुम्ही सांगितलेला हप्ता धरला आहे: स्तोत्र ११९, दर आठवड्याला आठ ओव्या, बावीस आठवडे. कधी झोप येते, कधी नुसता ओठांचा व्यायाम होतो. तेही लिहितो, नाहीतर लोकांना वाटेल मी संत झालो.

आता चौदाव्या भागात आहे. त्याची पहिली ओवी, १०५ वी, पावलांसाठी दिव्याची, आपल्या निम्म्या कॅलेंडरांवर असते. तुमच्या सवयीने पुढे गेलो. चारच ओव्यांनंतर, १०९ मध्ये, तोच माणूस म्हणतो की मी सदा जीव मुठीत धरून आहे. ही मात्र कोणत्याच कॅलेंडरावर पाहिली नाही. बाग निसवली आहे, म्हणजे घड बाहेर पडलेत, मे पुन्हा येतोय, आणि यंदाची चिठ्ठी मी ताटातून उचललीच नाही. ही ओवी चालेल मला.

पण एक अडलंय. ११२ व्या ओवीत तो 'शेवटपर्यंत' असं म्हणतो, तर हा शेवट कुठला, त्याच्या आयुष्याचा की आणखी पुढचा? पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले मावशींना विचार.

रविवारी पहिल्या बसने येतो. घडांची केळफुलं कापायला सुरुवात केली आहे, दहाबारा आणतो. तुम्ही चिरू नका, हात काळे होतात. बायको चिरेल, तीही येतेय.

तुमचा,
यावलचा भाचा