शेवाळ खरवडण्याआधी

संपादक महोदय,

मालवणात पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की एक सूचना हमखास कानावर येते: सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या प्रवाळांवर शेवाळ माजले आहे, ते ब्रशने घासून काढा. हेतू चांगला आहे, पण या उपायाने बहुतेक ठिकाणी दुखणे वाढेलच.

मुळात 'शेवाळ' या एका शब्दात आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. खडकाला गुलाबी रंग फासल्यासारखा दिसणारा चुनखडी थर हेही शेवाळच. प्रवाळांच्या अळ्या त्यावर बसतात, आणि सुटे तुकडे सांधायचे कामही तोच करतो. दुसरी मखमलीसारखी बारीक लव. तिसरे ते डोळ्यांत भरणारे मोठे शेवाळ: सरगॅसम, पंख्यासारखे पॅडिना वगैरे. तारेचा ब्रश यातला फरक जाणत नाही. लवेबरोबर गुलाबी थरही सोलून निघतो.

बोटीच्या नांगराच्या एका घावावर काय घडते ते पाहा. नांगराचा पंजा टर्बिनेरिया प्रवाळाच्या ताटावर पडला की कड तुटते आणि पांढरा चुना उघडा पडतो. थोड्याच दिवसांत त्यावर तपकिरी, बुळबुळीत थर चढतो. दोन-तीन आठवड्यांत लव येते. पुढे सगळे शेवाळ चरणाऱ्या जिवांवर अवलंबून. पोपट मासे, सर्जन मासे, अर्चिन (काटेरी, गोल समुद्री जीव) रोज कुरतडत राहिले तर लव दोन-तीन मिलिमीटरवर थोपते आणि गुलाबी थराला जागा मिळते. चरणारे कमी पडले की ती पाच मिलिमीटरच्या वर जाते आणि गाळ धरू लागते. गाळ भरलेल्या लवेला मासे तोंड लावत नाहीत, म्हणून ती आणखी वाढते, आणखी गाळ धरते. प्रवाळाच्या अळीला तिथे पाय रोवता येत नाही. (पर्यटकांनी पाव टाकल्यावर बोटीभोवती जमणारे पट्टेवाले मासे हे चरण्याचे काम करतील, अशी आशा कोणी बाळगू नये.)

जमैकात हेच मोठ्या प्रमाणावर झाले. 1980च्या चक्रीवादळाने तिथले प्रवाळ मोडले, तरी नवे बसू लागले होते. शेवाळ खाणारे मासे आधीच बेसुमार पकडले गेले होते, सगळी मदार अर्चिनांवर होती. 1983 मध्ये रोगाने अर्चिन मेले. 1977 मध्ये सुमारे 52 टक्के असलेले जिवंत प्रवाळांचे आच्छादन 1990च्या दशकाच्या सुरुवातीला 3 टक्क्यांवर आले आणि शेवाळ 4 वरून 92 टक्क्यांवर गेले.

'थोडी मोडतोड निसर्गाला मानवते' असेही कोणी म्हणतात. पावसाळ्याच्या लाटा सरगॅसम उपटून किनाऱ्यावर फेकतात, जागा मोकळी होते, हे खरे. पण लाटांचा मारा हंगामी असतो, पुढे सावरायला उसंत मिळते. त्याच जागी रोज पडणारा नांगर ती उसंत देत नाही. शिवाय मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदी गाळ ओततच असते.

हाताने काढण्यासारखे फक्त सरगॅसम. ऑस्ट्रेलियात मॅग्नेटिक बेटाजवळ स्वयंसेवकांनी ते वर्षातून दोन-तीनदा, बुडासकट उपटले आणि प्रवाळ वाढले. वरवर कापले तर बुडातून पुन्हा फुटते. कॉलर्पा या हिरव्या शेवाळाला हात न लावलेलाच बरा, तुटलेल्या तुकड्यातून तो नवा रुजतो.

आधी मोजणी हवी. पीव्हीसी पाइपची 50 सेंटिमीटर चौरस चौकट करावी. पाइपला भोके पाडावीत, नाहीतर ती तरंगते. आडव्या-उभ्या चार-चार दोऱ्या बांधल्या की सोळा छेद मिळतात. प्रत्येक छेदाखाली जिवंत प्रवाळ, गुलाबी थर, लव, मोठे शेवाळ की वाळू, एवढेच लिहायचे. लवेची उंची पट्टीने मोजायची. त्याच जागा एप्रिलमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये. इथल्या सागरी अभयारण्यात खुणेची खिळी ठोकायची तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागेल.

आणि नांगर टाकण्याऐवजी बोट बांधायला कायमचा तरंगता बोया. त्याला तळाशी धरून ठेवणारा काँक्रीटचा ठोकळा वाळूतच ठेवावा, खडपावर (खडकाळ तळावर) नको. दोरी आखूड राहिली तर उधाणाच्या भरतीत बोया बुडतो किंवा ठोकळाच सरकतो; लांब राहिली तर ओहोटीला तळावर लोळून प्रवाळ घासते. म्हणून दोरीच्या मध्यावर एक लहान फ्लोट बांधावा, ढिली पडलेली दोरी तो तळापासून उचलून धरतो. मे संपण्याआधी वरचा बोया आणि दोरी काढून घ्यावी. पावसाळ्यात सुटलेली दोरी चार नांगरांइतके नुकसान करते.

— एक वाचक, मालवण