तात्या मुके नव्हते

प्रिय सोनू,

जय भीम.

तुझ्या कवितांच्या स्पर्धेचा कार्यक्रम झाल्यावर रात्री फोनवर मी फारसं बोललो नाही, त्यामुळे पप्पांना आवडलं नाही असं तुला वाटलं असेल. तसं नाही गं. विहाराच्या हॉलमध्ये मी अगदी मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी उभा होतो. तू माइकसमोर आलीस तेव्हा तुझ्या आईने माझं मनगट धरलं, ते तू खाली उतरेपर्यंत सोडलं नाही. मेनहोलचं झाकण पहारीने उचकटताना होणारा आवाज तू तोंडाने काढलास, तेव्हा माझ्या पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंनी पदर नाकाला लावला. हॉलमध्ये वास नव्हता, तरी लावला. एवढं तुझं बोलणं पोचत होतं.

एका परीक्षकाने 6.5 दिले म्हणून तू रडलीस, ते मात्र मनातून काढून टाक. पाच परीक्षकांपैकी सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी गुण धरतच नाहीत, हे तूच मला समजावलं होतंस. शिकागोत बांधकामावर राबलेल्या मार्क स्मिथने 1986 मध्ये ग्रीन मिल क्लबात दर रविवारी ही स्लॅम नावाची कवितांची स्पर्धा भरवायला सुरुवात केली, समोर बसलेल्यांतलेच परीक्षक घेतले, हेही तूच सांगितलंस. तेव्हा मला आपल्या भीमगीतं गाणाऱ्या गायन पार्ट्यांचे सामने आठवले. दोन पार्ट्या समोरासमोर, रात्रभर सवालजवाब. गाणं काळजाला लागलं की माणूस उठून पेटीवर दोन रुपये ठेवायचा आणि माइकवरून त्याचं नाव पुकारायचे. नाही लागलं तर जागचा हलायचा नाही. तुझे तात्या आजोबा अशा सामन्यांत उभे राहिलेले आहेत.

आणि तिथेच मला तुझ्याशी बोलायचं आहे. तुझ्या कवितेत एक ओळ आहे, ‘माझा आजोबा मुका होता, आज मी त्याच्या वतीने बोलते.’ तिला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. पण बाळा, ते खरं नाही. तात्या मुके नव्हते.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे खरं. पण सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक मोठेपणी, मुंबईत कष्ट करता करता अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचून त्यांनी जोडाक्षरं पक्की केली, ही गोष्ट तात्या आम्हाला किती वेळा सांगायचे! स्वतः तात्यांना कामातून तेवढीही उसंत मिळाली नाही. मग ते बोलायचे आणि मी लिहायचो. रात्री जेवणं झाली की पत्र्याच्या ट्रंकेवर चमच्याने ठेका धरायचे, दोन ओळी म्हणायचे, थांबायचे, ‘खोड ते’ म्हणायचे. दोनशे पानी वही आहे. त्यात माझं सातवीतलं अक्षर आहे आणि शब्द त्यांचे आहेत.

1983 च्या मे महिन्यात, पावसाळ्याआधीच्या गटारसफाईत, त्यांच्या बरोबरीचा एक बदली कामगार चेंबरमध्ये उतरला तो वर आलाच नाही. कमरेला दोर होता, बाकी काही नाही. गॅस लागला. तात्यांनी दोर ओढला तेव्हा त्याचं डोकं कडेवर आपटत वर आलं, तो आवाज त्यांना मरेपर्यंत ऐकू यायचा. दुसऱ्या दिवशी हजेरीपुस्तकात तो त्या दिवसापुरता गैरहजर निघाला. गैरहजर माणूस कामावर मेला कसा म्हणायचा? त्याच्या बायकोच्या हातात काही पडलं नाही.

पुढच्या 14 एप्रिलला तात्यांनी त्याचं गाणं म्हटलं. त्यात त्याचं नाव होतं, बापाचं नाव होतं, गाव होतं, चेंबर कुठल्या गल्लीतला तेही होतं. मुकादम समोर बसला होता. तात्यांना नंतर सहा महिने लांबच्या चौकीवर टाकलं, पहाटे चारला घर सोडायचे. तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेच गाणं म्हटलं. अशा माणसाला तू मुका म्हणालीस आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून माझी वाचा बसली होती.

चूक तुझी नाही. मीच तुला कधी सांगितलं नाही. तू शिकत होतीस, तुझ्या कानावर ती घाण कशाला, असं मला वाटायचं. तात्यांचं गाणं घरातच राहिलं ते माझ्यामुळे.

आणखी एक. गटारात मेलेल्याच्या घरच्यांची भरपाई तू दहा लाख म्हणालीस. तो सर्वोच्च न्यायालयाचा 27 मार्च 2014 चा निकाल, 1993 पासूनच्या मृत्यूंसाठी. 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात ती रक्कम तीस लाख झाली. तेवढं दुरुस्त कर, कारण ऐकणाऱ्यांत एखादी अशी बाई असू शकते जिला ही रक्कम मागायला जायचं आहे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी उतरवतातच. आणि तात्यांच्या जोडीदाराला यातलं काहीच लागू नाही. तो 1993 च्या दहा वर्षं आधी गेला.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याची सून अजून त्याच वस्तीत राहते. तिला भेटून विचारल्याशिवाय ते नाव स्टेजवर घेऊ नकोस, मग कितीही गुण मिळोत. आपण दोघं जाऊ. ती हो म्हणाली तर तुझ्या कवितेत ‘मुका’ आहे त्या जागी काय घ्यायचं ते तू ठरव, त्यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

वही पोस्टाने पाठवत नाही, शिवण उसवली आहे. बुद्धपौर्णिमेला घरी ये. शब्द वहीत आहेत, पण चाल माझ्याजवळच आहे. ती तुला समोर बसवूनच द्यावी लागेल. ट्रंक अजून माळ्यावर आहे, तू येण्याआधी काढून पुसून ठेवतो.

तुझा,
पप्पा